ग्रॅनाइटचा ओटा: आधी दगड ओळखा, मग डाग काढा

ग्रॅनाइटच्या ओट्याचं खरं नुकसान हळद-तेलापेक्षा त्यांवर केलेल्या उपायांनी जास्त होतं. हळद सांडली की ब्लीच, गंजाचं वर्तुळ दिसलं की बाथरूममधला टॉयलेट क्लीनर, तेलकट वाटलं की तारेची घासणी. डाग कधी निघतो, कधी निघत नाही. त्या जागची चकाकी मात्र हमखास जाते, आणि ती परत आणायला पॉलिशवाल्याचं मशीन घरात आणावं लागतं. पर्वरी, फोंडा, मडगावकडे नव्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आला असाल किंवा भाड्याच्या घरात आयता ओटा मिळाला असेल, तर पहिल्या आठवड्यात अर्धा तास काढून तीन छोट्या चाचण्या करा. त्यासाठी लिंबू, पाणी आणि नेलपॉलिश रिमूव्हर एवढंच लागतं.

ओटा नक्की कशाचा आहे?

काळा ओटा म्हणजे ग्रॅनाइट असं धरून चालू नका. गोव्यातल्या जुन्या घरांत आणि बऱ्याच भाड्याच्या जागांत तो कडप्पा असतो. कडप्पा हा आंध्रातला चुनखडक. लिंबू, कोकम, व्हिनेगर, अगदी आंबट ताक सांडून राहिलं तरी त्याचा वरचा थर खाल्ला जातो. ग्रॅनाइट मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या कठीण खनिजांचा बनलेला असतो, त्यामुळे सोलकढीने त्याचं लगेच काही बिघडत नाही. दोन्ही दगड काळे, गुळगुळीत आणि थंड. नुसतं बघून नवख्याला फरक कळणं अवघड.

पहिली चाचणी लिंबाची. मिक्सरमागे झाकला जाणारा कोपरा निवडा, तिथे लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा आणि खिडकीच्या उजेडात तिरकं बघा. ठिपका निस्तेज, पांढुरका दिसला तर तो कडप्पा किंवा संगमरवराच्या जातीचा दगड आहे. पुढे सांगितलेली लेपाची पद्धत त्यालाही चालते, पण आम्ल कुठलंही चालत नाही, हे ओट्याजवळ वावरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. मासे धुतल्यावर वास जावा म्हणून लिंबाची साल ओट्यावर फिरवणाऱ्यांना तर आधी.

दुसरी पाण्याची. पुसून कोरड्या केलेल्या ओट्यावर चमचाभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. पाणी पुसल्यावर खालचा दगड होता तसाच असेल तर चिंता नाही. तिथे गडद ओला ठसा उमटला असेल तर दगड शोषतो आहे. पाणी जिथून आत जातं तिथून तेलही जाणार. ही चाचणी तीन ठिकाणी करा: शेगडीजवळ, सिंकजवळ आणि मधे. सिंकजवळचा भाग रोज घासला जातो, त्यामुळे तिथलं सीलर (तेल-पाणी सहज मुरू नये म्हणून दगडाला लावतात तो द्रव) आधी संपतं.

तिसरी फक्त काळ्या ग्रॅनाइटसाठी. पांढऱ्या कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घ्या (अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर चालेल) आणि कोपऱ्यात चोळा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग दिलेला आहे. करडी लादी काळी करून विकली जाते. अशा ओट्यावर अ‍ॅसिटोनचे उपाय वापरायचे नाहीत, कारण डागाबरोबर रंगही निघेल.

दुकानातल्या नावांवर जाऊ नका. काश्मीर व्हाइट काश्मीरमधून येत नाही, तमिळनाडूतून येतो. दिसायला सुंदर, पण शोषणारा, आणि त्यातली लोहयुक्त खनिजं ओलीने पिवळी पडू शकतात. गोव्याच्या स्वयंपाकघरात मी तरी तो सुचवणार नाही. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी किंवा करीमनगरकडचा टॅन ब्राउन बराच निगरगट्ट. ब्लॅक गॅलेक्सी भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नव्हेच, पण घट्ट असतो, पाणी फार कमी शोषतो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. इलकलचा लालसर दगड कर्नाटकातून येतो, तोही टिकाऊ. अजून दगड निवडायचा असेल तर एकच सल्ला: नमुन्याचा तुकडा मागून घरी आणा आणि रात्रभर त्यावर हळद घातलेल्या खोबरेल तेलाचा थेंब ठेवा. दुकानदार जे सांगत नाही ते तो तुकडा सांगेल.

रोज काय करायचं

फार काही नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोनतीन थेंब, मऊ कापड. मग साध्या पाण्याचं कापड. मग कोरडं कापड. शेवटचं कोरडं कापड लोक टाळतात आणि तिथेच चुकतं. साबणाचा पातळ थर सुकून राहिला की ओटा मळकट दिसतो, मग माणूस त्याला डाग समजून आणखी साबण लावतो. भांडी घासायची हिरवी खरखरीत घासणी आणि तारेची घासणी ओट्यावर आणूच नका. तारेच्या घासणीचे बारीक तुकडे सांध्यात अडकतात आणि पावसाळ्यात तिथून गंजाचे ठिपके उमटतात.

ओटा चमकवायला खोबरेल तेल फिरवायची पद्धत अजून आहे. ताबा देताना काळा दगड झगझगीत दिसावा म्हणून काही कारागीरही तेल किंवा मेण चोळतात. दोन दिवस छान दिसतं, मग त्यावर धूळ आणि पीठ बसतं, बोटांचे ठसे उमटतात आणि जूनमध्ये त्या चिकट थरावर बुरशी धरते. नव्या घरातला ओटा हाताला चिकट लागत असेल तर आधी तो थर लिक्विड आणि कोमट पाण्याने दोनतीनदा धुऊन काढा. वरच्या चाचण्या त्यानंतरच खऱ्या उतरतील.

बाजारातून आणलेली सुरण, रताळी मातीसकट ओट्यावर टाकू नका. लाल माती म्हणजे लोहाचा गंजच, आणि तिच्यातली वाळू क्वार्ट्झची असते, म्हणजे दगडाच्याच कठीणपणाची. जड डबा तिच्यावरून ओढला की चरे पडतात.

डाग आहे का, आणि कशाचा?

ओट्यावर काही दिसलं की नखाने बघा. नखाला उंचवटा लागला तर ते वर साचलेलं काहीतरी आहे, दगडात गेलेलं नाही. उंचवटा नाही पण चकाकी गेली आहे, तर एकतर साबणाचा थर किंवा खाल्ला गेलेला पृष्ठभाग. उंचवटा नाही, चकाकी आहे आणि रंग गडद आहे, तरच तो आत मुरलेला डाग.

गडद डागात सर्वात जास्त फसवतं ते पाणी. पाण्याचा ओला ठसा आणि तेलाचा ठसा अगदी सारखे दिसतात. पाणी वाळतं, तेल वाळत नाही. डिसेंबरात एक रात्र थांबलं तरी कळतं. जुलैत मात्र हवा इतकी दमट असते की पाण्याचा ठसाही दोनतीन दिवस हलत नाही. टेबलफॅन त्या दिशेला लावून ठेवा. तरीही गेला नाही तर तेल समजा. सिंकच्या कडेचा ठसा कधीच वाळत नसेल तर ओट्याच्या वरून नव्हे, खालून पाणी येत आहे. सिंकची कड गळते आहे का बघा आणि लेप-बिप बाजूला ठेवून आधी प्लंबर बोलवा.

लेप

मुरलेला डाग घासून निघत नाही. तो जसा आत गेला तसाच बाहेर ओढावा लागतो. कोरड्या पावडरीत डाग विरघळवणारा द्रव मिसळून लेप घालायचा (कुठल्या डागाला कुठला द्रव, ते पुढे). द्रव दगडात शिरून डाग सैल करतो, आणि लेप सुकत जातो तसा तो सैल झालेला डाग पावडरीत ओढला जातो. म्हणजे काम सुकण्यात आहे. लेप ओलाच असताना पुसला तर सगळी मेहनत वाया.

पावडर म्हणून खाण्याचा सोडा उत्तम. बिनवासाची टाल्कम पावडरही चालते. मुलतानी माती सगळ्यांना सुचते, पण तिच्यात लोह असतं, फिकट दगडावर तिचाच पिवळा ठसा राहू शकतो. मैद्याचे लेपही लोक घालतात. गोव्यात रात्रभर मैदा ओट्यावर ठेवला तर सकाळी डागापेक्षा मुंग्यांचा प्रश्न मोठा असेल.

आता क्रमाने:

१. डागाची जागा साध्या पाण्याने पुसून घ्या. ज्या द्रवाचा लेप आहे त्याच द्रवाने जागा थोडी ओलसर करा.

२. काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत पावडर आणि द्रव कालवा. इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, थालीपिठापेक्षा सैल. अ‍ॅसिटोन वापरत असाल तर प्लॅस्टिकची वाटी नको, ती विरघळू शकते.

३. डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असा, साधारण १ सेंटीमीटर जाडीचा थर द्या. पातळ थर लवकर सुकतो आणि डाग अर्धवट सोडतो.

४. वरून दुधाच्या पिशवीसारखं जाड, स्वच्छ पॉलिथिन अंथरा, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि सुईने चारदोन भोकं पाडा. असं २४ तास राहू द्या.

५. पॉलिथिन काढा आणि लेप पूर्ण कोरडा होऊन तडकेपर्यंत उघडा ठेवा. हिवाळ्यात दिवसभर पुरतो. पावसाळ्यात पंखा लावा आणि दोन दिवस धरा.

६. लाकडी उलथण्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा, ओल्या कापडाने पुसा, वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. त्याच दिवशी बघितलं तर ओला दगड तुम्हाला उगाच निराश करेल.

जुना डाग एका लेपात जात नाही. फिकट झाला असेल तर पद्धत बरोबर आहे, पुन्हा करा. दोन लेपांनंतर काडीचाही फरक नसेल तर डाग ओळखण्यात चूक आहे, द्रव बदला.

कुठलाही नवा द्रव आधी कोपऱ्यात करून बघायचा. अ‍ॅसिटोन ज्वलनशील आहे: गॅस रेग्युलेटरपाशी बंद, खिडकी उघडी, देवघरातला दिवा विझलेला. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर, किंवा ब्लीच आणि अमोनिया, कधीच एकत्र करायचे नाहीत. बंद स्वयंपाकघरात त्यातून निघणारा वायू जिवावर बेतू शकतो.

तेल, तूप, मासळीचं तळण

गोव्यातल्या ओट्यावरचा सर्वात सामान्य डाग म्हणजे खोबरेल तेलाच्या बाटलीखालचं गडद वर्तुळ. बाटली दिवसभर तिथेच, तळाला ओघळ, आणि थंडीतल्या सकाळी तेल २४ अंशांखाली गोठलं की कडेला पांढरं दिसतं. तोपर्यंत आत मुरलेलं असतं. ताजं असेल तर पुसू नका, टिपा. पुसलं की पसरतं. टिपून झाल्यावर वर कोरडा खाण्याचा सोडा जाडसर पसरून रात्रभर ठेवा. इतक्यानेच बरंच तेल ओढलं जातं. जुन्या वर्तुळाला आधी सोडा आणि पाण्याचा लेप, नंतर गरज वाटली तर सोडा आणि अ‍ॅसिटोनचा. बाटलीखाली बशी ठेवा, आणि बांगडे तळताना शेगडीच्या बाजूला जुनं वर्तमानपत्र अंथरा.

हळद आणि रेशाद मसाला

हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून ओल्या फडक्याने पुसून तो जात नाही, आणि फोडणीतल्या तेलाबरोबर दगडात मात्र झटकन जातो. शिवाय त्याची एक खोड आहे: साबण किंवा सोडा लागला की तो तांबडा होतो. नवखा माणूस सोड्याचा लेप घालतो, डाग लाल झालेला बघतो आणि घाबरून ब्लीच ओततो. घाबरायचं कारण नाही. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तोच हा प्रकार. लेप पूर्ण होऊ द्या. पाण्याने पुसल्यावर तांबडेपणा ओसरतो.

फिकट रंगाच्या ओट्यावर हळदीसाठी औषधाच्या दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा यांचा लेप घाला. गडद ओट्यावर पेरॉक्साइड नको, रंग उडू शकतो, तिथे अ‍ॅसिटोन. पण गडद ओट्यावर हळद दिसते तरी कुठे? बहुतेक वेळा दिसतं ते तिच्याबरोबरचं तेल. रेशाद मसाल्यात मिरचीचा रंग, हळद आणि व्हिनेगर तिन्ही असतात. ग्रॅनाइटवर तो हळदीसारखाच हाताळा, कडप्प्यावर मात्र सांडल्या क्षणी धुवा.

हळदीचा रंग उन्हात स्वतःहून उडतो. ओट्यावर खिडकीतून ऊन येत असेल तर लेपानंतर राहिलेली पिवळी छटा आठवडाभर तशीच सोडा. मला तरी हा उपाय सगळ्यांत आवडतो, त्यात काही बिघडवण्याची सोयच नाही.

उन्हाळ्यातली फळं

मार्च ते जून हे ओट्याचे खरे वैरी. कोकमाची फळं फोडून सोलं करताना सांडणारा रस गर्द लाल असतो. साबण लागला की निळसर-हिरवा दिसतो, तेवढ्याने बिचकू नका. ताजा असेल तर साध्या पाण्याने जातो. सुकून बसला तर पेरॉक्साइडचा लेप.

काजू जास्त त्रासदायक. बोंडांच्या रसात टॅनिन असतं, त्याने तपकिरी डाग पडतात. त्यात लोखंडी सुरी किंवा कोयता ओट्यावर ओलाच राहिला तर टॅनिन आणि लोखंड मिळून काळा डाग तयार होतो. पूर्वीची लिहायची शाई याच मिश्रणाची असायची. आणि ओले काजूगर सोलताना टरफलातलं जे तेल निघतं ते बोटांची कातडी सोलवटतं, तसंच दगडात शिरून काळं पडतं. ते काम ओट्यावर करूच नका. अंगणात, व्हरांड्यात, जाड कागदावर करा. डाग पडलाच तर त्याच दिवशी अ‍ॅसिटोन लावलेल्या कापडाने टिपा, मग लेप घाला. महिनाभर जुना काजूच्या तेलाचा डाग पूर्ण निघेल अशी आशा ठेवू नका, फिकट होईल.

फणसाचा चीक हातावरून आणि सुरीवरून काढायला खोबरेल तेल लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. ओट्यावर तोच उपाय केला की चीक जातो आणि तेलाचा डाग राहतो. चिकावर बर्फाचा खडा ठेवा, तो कडक झाला की कार्डाने उचलून काढा, उरलेलं अ‍ॅसिटोनने पुसा. केळफूल निवडतानाही तळाला कागद हवाच.

गंज

समुद्राजवळच्या घरांत खारी हवा, आणि आतल्या गावांत लोहयुक्त मातीतल्या विहिरीचं पाणी. दोन्हीकडे गंज ठरलेला. ओट्यावर तो येतो बिस्किटांच्या डब्याखाली, बिडाच्या तव्याखाली, शेगडीच्या पायांखाली आणि थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली. शेगडीच्या पायांना रबरी बूच घाला, नळाचा वॉशर बदला, तवा पुसून उभा ठेवा. सगळ्या डागांत गंज काढायला सर्वात कठीण, म्हणून त्याच्याबाबतीत प्रतिबंधावरच भर द्या.

वर बसलेला ताजा गंज ओल्या नायलॉनच्या ब्रशने आणि लिक्विडने बराचसा निघतो. मुरलेल्याला लिंबू-मीठ लावायचा मोह होतो, कारण कपड्यावर ते चालतं. दगडात मात्र आम्लाने विरघळलेला गंज आणखी खोल पसरू शकतो, आणि फिकट ग्रॅनाइटमधल्या लोहयुक्त खनिजांना आम्ल लागलं की दगड स्वतःच गंजायला लागतो. फरशीचं काम संपल्यावर कारागीर सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड शिंपडतात. ते ओट्यावर उडणार नाही याची काळजी आधी घ्या, तेव्हा घरात हजर राहणं शक्य नसेल तर ओटा जाड प्लॅस्टिकने पूर्ण झाकून घ्या.

मार्बल-ग्रॅनाइटच्या सामानाच्या दुकानात दगडासाठीचं, आम्ल नसलेलं गंज काढायचं द्रव्य मागा. ते गंजाला लागलं की जांभळं होतं, म्हणजे काम चालू आहे असं समजायचं. वास कुजकट असतो, खिडकी उघडी ठेवा. कपड्यांवरचा गंज काढायच्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते काच खातं, ग्रॅनाइट खातं, आणि कातडीतून आत जाऊन गंभीर इजा करतं. डब्यावर ते नाव दिसलं तर घरात आणूच नका.

नळाभोवतीचा पांढरा थर हा पाण्यातल्या क्षारांचा. जागा ओली करून दाढीचं नवं ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडा, ग्रॅनाइटला चरा पडत नाही. कडप्प्यावर ब्लेड नको. भिंतीच्या सांध्यातून पांढरी पावडर येत असेल तर मात्र ती भिंतीतल्या ओलीबरोबर आलेले क्षार आहेत, आणि गोव्यातल्या पावसाळी भिंती ते वर्षानुवर्षं देत राहतात. कोरड्या ब्रशने झाडा, ओल कुठून येते ते शोधा. सांध्यातल्या सिलिकॉनवर काळी बुरशी धरली तर घासत बसू नका. ते सिलिकॉन कापून काढा, जागा नीट वाळवा आणि बुरशीरोधक सिलिकॉन नव्याने भरा. कोरड्या महिन्यांत केलेलं हे काम टिकतं.

तडे आणि टवके

आपल्याकडे ओट्याला साधारण १६ ते २० मिलिमीटर जाडीची लादी वापरतात. दगड कठीण आहे, पण वाकत नाही. वाकायची वेळ आली की तुटतो. सर्वात कमजोर जागा म्हणजे सिंकच्या पुढची अरुंद पट्टी आणि शेगडीसाठी कापलेल्या खाचेचे कोपरे. चवथीची साफसफाई करताना माळ्यावरचे डबे काढायला माणसं नेमकी त्याच पट्टीवर पाय ठेवून चढतात. शिडी आणा. नळ बदलायला आलेल्या प्लंबरलाही सांगा, तोही तिथेच बसतो.

नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडू नका. कडेला गोलाई दिलेली असते तिथे दगड सर्वात पातळ असतो, टवका तिथेच उडतो. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायच्या खवणीलाही हेच लागू: ती लावायचीच असेल तर दोन्ही बाजूंना रबराचा तुकडा घाला, नाहीतर जमिनीवरची आदोळी (विळी) बरी. पाटा-वरवंटा आणि रगडो यांची जागा ओट्यावर नाही.

गरम भांड्याने ग्रॅनाइट जळत नाही, असं विक्रेते सांगतात आणि ते साधारण खरं आहे. धोका वेगळा: कुकर गॅसवरून उतरवून एसीच्या किंवा पहाटेच्या गार दगडावर ठेवला, त्यात सिंकजवळची ती अरुंद पट्टी असली, तर अचानक तापून तडा जाऊ शकतो. लादीच्या बारीक भेगांत कारखान्यात रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरलेलं असतं, तेही उष्णतेने पिवळं पडतं. आडणी वापरा.

भेग दिसली तर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ती दगडातली मूळची रेघ असण्याचा संभव जास्त. अडकत असेल तर तडा आहे. त्यात पाणी आणि मसाला जायच्या आत कारागिराकडून रंग जुळवून इपॉक्सी भरून घ्या. टवका उडाला असेल तर तो तुकडा जपून ठेवा, मूळ तुकड्याइतकं काही जुळत नाही.

सीलर कधी, कसं

सीलर दगडाच्या छिद्रांत बसतं आणि तेला-पाण्याला आत जायला वेळ लावतं. वेळ लावतं एवढंच. रात्रभर सांडून ठेवलेली आमटी ते थोपवणार नाही. ते वर्षातून एकदा लावाच, असा नियम नाही. पाण्याच्या चाचणीत ओला ठसा उमटला तर लावा, नाही उमटला तर पैसे वाचवा. घट्ट काळ्या ग्रॅनाइटला बहुधा लागतच नाही, आणि तरी लावलं तर ते आत न जाता वर सुकून धुरकट ओघळ दिसतात.

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या महिन्यांत दगडाच्या पोटात ओल असते, तिच्यावर सीलर लावलं तर ओल आत कोंडते. फेब्रुवारी ते मेचा पहिला पंधरवडा हा योग्य काळ. गावाला जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी काम करा, ओट्याला आपोआप विश्रांती मिळते.

ओट्यावरचं सगळं उतरवा, धुवा, एक पूर्ण दिवस वाळू द्या. पांढऱ्या सुती कापडाने हातभर लांबीचा एकेक भाग घेऊन सीलर पसरा. डब्यावर सांगितलेली वेळ, बहुधा दहा ते पंधरा मिनिटं, थांबा आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने वरचं सगळं टिपून काढा. संपूर्ण ओट्यावर एकदम ओतलं की शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक सुकतं. धुरकट थर राहिलाच तर कापडावर तेच सीलर थोडं घेऊन तो ओला करा आणि लगेच पुसा, विरघळून निघतो. मग २४ तास पाणी, गरम भांडं काही नाही. अन्नाशी संपर्क येणाऱ्या जागेसाठी ते चालतं असं डब्यावर लिहिलेलं आहे की नाही, हे विकत घेतानाच बघा.

चकाकी गेलेला भाग, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारा गंज, अडकणारा तडा: ही तीन कामं कारागिराची. त्याला बोलावताना ओट्याचा उजेडात काढलेला फोटो पाठवा आणि आधीच विचारा की पॉलिश हिऱ्याच्या पॅडने क्रमाक्रमाने करणार की नुसतं चमक आणणारं द्रव्य लावणार. दुसरं म्हणत असेल तर त्याला बोलावू नका, ती चमक पहिल्या साबणाला जाते. पॅडचं काम पाण्याने करायला सांगा, नाहीतर दगडाची बारीक धूळ घरभर उडते आणि ती श्वासात जाणं वाईट. मशीन लागण्याआधी रेग्युलेटर बंद करून मग शेगडीची नळी काढलेली असावी, आणि जवळचे प्लग प्लॅस्टिकने झाकलेले.